आक्काची हरवलेली खिडकी



आजची नोंद मुख्यतः घरच्यांसाठी आहे, पण बाहेरच्या ब्लॉगमित्रांनीही वाचावी अशी इच्छा आहे. गेल्या वर्षी आमच्या घराण्यात एक वाक्य फार फिरलं. 'आक्काला आता कॉम्प्युटर जमेनासा झालाय.' लग्नाच्या पंगतीत फिरलं, फोनवर फिरलं आणि कबूल करतो, मीही ते दोनतीनदा बोललो. वर 'वय झालं हो तिचं' अशी पुस्तीही जोडली. तर मंडळी, ते वाक्य खोटं आहे. आक्काचं काहीही चुकलं नव्हतं. मग कोणाचं चुकलं, हे मला उशिरा कळलं, आणि ते नीट सांगायचं तर थोडं तांत्रिक बोलावं लागेल. मराठी माध्यमातून बीए झालेला, जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवलेला माणूस मी. जे मला समजलं ते तुम्हाला समजेलच.

आधी हकीकत. आक्का मिरजेला असते, वय एक्क्याऐंशी. वाड्यातल्या जुन्या आठवणी नातवंडांसाठी लिहून ठेवायच्या असं तिनं मनावर घेतलं. हात थरथरतो म्हणून वही नको, लॅपटॉप बरा. डोळ्यांना लहान अक्षर दिसत नाही, म्हणून भाच्यानं (म्हणजे तिच्या मुलानं; तो पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे) लॅपटॉपला घरातला मोठा टीव्ही जोडून दिला. लॅपटॉप डावीकडे, टीव्ही उजवीकडे. रोजनिशी लिहिण्याचा एक छोटा प्रोग्रॅम घातला. नाव देत नाही, कारण या रोगात तो एकटा नाही. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो हे त्याचं मोठं कौतुक. आक्कानं त्याची खिडकी टीव्हीवर ओढून घेतली आणि रोज दुपारी एक-दीड पान टंकायला लागली. आईच्या हातचं मेतकूट, विहिरीवरचं रहाट, नळ आले तो दिवस... सगळं.

गणपतीत टीव्ही बाहेरच्या खोलीत गेला. पाहुण्यांना आरती झाली की क्रिकेट लागतं, त्याला इलाज नाही. आणि तिथेच राहिला. आक्कानं लॅपटॉप उघडून प्रोग्रॅमच्या चित्रावर टिचकी मारली. काही नाही. पुन्हा मारली. खालच्या पट्टीवर चित्र उजळायचं, म्हणजे प्रोग्रॅम चालू, पण पडद्यावर खिडकीच नाही. दुकानातल्या मुलाला बोलावलं. त्यानं प्रोग्रॅम काढून टाकला, पुन्हा घातला. तरी तेच. 'आजी, तुमच्याकडून काहीतरी दाबलं गेलं असेल,' असं म्हणून तो गेला. आक्कानं लॅपटॉप मिटला, त्यावर विणलेला रुमाल टाकला आणि भाच्याला फोनवर सांगितलं, 'माझ्याकडून मोडलं रे ते.' गणपतीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत तो रुमाल तसाच होता. साडेसात महिने.

उन्हाळ्यात मी साताऱ्याहून एसटीनं गेलो, भाचाही आला होता. त्यानं रुमाल काढला आणि खालच्या पट्टीवरच्या चित्रावर माऊस नुसता धरला. वर एक काडेपेटीएवढं चित्र उमटलं, आणि त्यात आक्काचं पान! मग त्यानं ऑल्टचं बटण दाबून स्पेस दाबला, मग एम, मग डावा बाण, आणि माऊस सरकवला. उजव्या कडेच्या बाहेरून खिडकी सुळकन आत आली. शेवटचं वाक्य अर्धवट होतं तसं. आक्का खुर्चीतून पुढे वाकली आणि म्हणाली, 'म्हणजे मी नव्हतं मोडलं?'

(ही ऑल्ट, स्पेस, एम, बाण अशी किल्ली विंडोजवाल्यांनी कागदावर लिहून लॅपटॉपच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवा. माझ्याकडे चिकटवलेली आहे.)

त्या रात्री गच्चीवर मी भाच्याची उलटतपासणी घेतली. शाळा सुटली तरी सवय सुटत नाही.

संगणक पडद्याकडे आलेखाच्या कागदासारखं बघतो. विंडोजमध्ये डावा वरचा कोपरा म्हणजे शून्य, शून्य. तिथून उजवीकडे मोजायचं आणि खाली मोजायचं. (मॅकवर मूळची पद्धत शाळेतल्यासारखी, डाव्या खालच्या कोपऱ्यातून वर. तिन्हीकडे चालणारा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला हे भाषांतर गुपचूप कोणीतरी करून द्यावं लागतं.) आक्काचा लॅपटॉप १३६६ ठिपके रुंद आणि ७६८ उंच. त्याच्या उजवीकडे टीव्ही जोडला की कागद तेवढा लांबतो. टीव्ही १९२० ठिपके रुंद, म्हणजे एकूण ३२८६. आक्काची खिडकी टीव्हीच्या डाव्या कडेपासून दोनशे ठिपक्यांवर होती, म्हणजे सगळ्या कागदाच्या हिशेबानं १५६६ वर. प्रोग्रॅम शहाणा. बंद होताना त्यानं '१५६६' असं आपल्या नोंदीत लिहून ठेवलं, उद्या बाईंना खिडकी तिथेच मिळावी म्हणून. उद्या आला, टीव्ही गेला होता, कागद १३६६ वर संपत होता, आणि या शहाण्यानं डोळे मिटून १५६६ वर खिडकी मांडली. पाडलेल्या भिंतीवर कॅलेंडर टांगल्यासारखी. ती नोंद आक्काच्या खात्यातल्या वेगळ्या फोल्डरमध्ये असते, प्रोग्रॅम काढला तरी ती मागे राहते. म्हणून दुकानातल्या मुलाचा उपाय वाया गेला.

मी विचारलं, 'अरे पण टीव्ही काढला हे संगणकाला कळत नाही का?'

'कळतं की मामा. ओरडून सांगतो तो.'

आणि इथे मला खरा राग आला. कारण मला वाटलं होतं की ही तंत्राची मर्यादा असेल. तसं मुळीच नाही. विंडोजवर पडद्याचं माप बदललं की चालू असलेल्या खिडक्यांना 'डब्ल्यूएम डिस्प्लेचेंज' नावाचा निरोप जातो, नव्या रुंदी-उंचीसकट. मॅकवर प्रत्येक प्रोग्रॅमला 'पडद्यांची मांडणी बदलली' अशी सूचना मिळते. लिनक्सची गोष्ट जास्त गमतीची. तिथे एक्स नावाची जुनी व्यवस्था होती (अजून पुष्कळ ठिकाणी आहे). तिच्यात पडद्याचं माप सुरुवातीला एकदा ठरलं की ते सत्र संपेपर्यंत तेच, ब्रह्मदेवाचं लिखित. जिम गेटिस आणि कीथ पॅकार्ड या दोघांनी २००१ च्या सुमारास 'रिसाइझ अँड रोटेट', लाडानं 'रँडआर', नावाची भर घातली. मग पडदा चालू असताना माप बदलणं, तो उभा-आडवा फिरवणं जमू लागलं, आणि तसं झालं की विचारून ठेवलेल्या प्रोग्रॅमला कळवण्याची सोयही झाली. २००७ च्या सुधारणेनंतर एकेक पडदा वेगळा ओळखता येऊ लागला. म्हणजे तिन्ही घरांत दवंडी पिटली जाते. आमचा रोजनिशीवाला कानात बोळे घालून बसला होता.

बरं, प्रत्येक घराची दवंडी वेगळ्या भाषेत, हे खरं. तिन्हीकडे चालणारा प्रोग्रॅम लिहिणारा माणूस बहुतेकदा तिन्ही भाषा स्वतः बोलत नाही. मधे एक दुभाषा ठेवतो. जावा हा असा एक दुभाषा, आणि 'क्यूट' (असाच उच्चार करतात, नॉर्वेतल्या लोकांनी बनवलेला) हा दुसरा. दोघंही १९९५ साली लोकांपुढे आले. 'एकदा लिहा, कुठेही चालवा' हे जावाचं ब्रीद तुम्ही ऐकलं असेल. आता जावाच्या जुन्या संचात पडद्याचं माप विचारायची सोय पहिल्यापासून आहे. विचारलं की मुख्य पडद्याचं उत्तर मिळतं. पण तो बदलला की ही सोय आपणहून येऊन सांगत नाही. आपण पुन्हा विचारायचं. आणि पुन्हा विचारायचं कोणाला सुचतं? प्रोग्रॅम उघडताना एकदा विचारलं, आकडा खिशात घातला, संपलं. क्यूटनं मात्र २०१२ च्या पाचव्या आवृत्तीपासून प्रत्येक पडद्याला स्वतंत्र वस्तू मानलं. पडदा आला, पडदा गेला, पडद्याचं माप बदललं, असे वेगवेगळे इशारे हळूहळू त्यात आले. ब्राउझरच्या अंगानं प्रोग्रॅम बनवणारं इलेक्ट्रॉन नावाचं साधन आहे, त्यातही अगदी हेच तीन इशारे आहेत. म्हणजे दुभाषेही सुधारले. ऐकणाराच जागेवर नाही.

यात आणखी एक मेख आहे. खिडकीचं माप बदलणं आणि पडद्याचं माप बदलणं या दोन निरनिराळ्या घटना आहेत. खिडकीची कड ओढली की प्रोग्रॅमला कळतं, ते सगळे ऐकतात, कारण आतली बटणं हलवायची असतात. पुष्कळ जण समजतात की पडद्याचंही यातच कळेल. पण टीव्ही काढला, तरी खिडकीचं स्वतःचं माप काडीनं बदलत नाही. ती जेवढी होती तेवढीच असते. फक्त तिच्याखालची जमीन गेलेली असते.

शाळेत आमच्याकडे वर्गाचा मॉनिटर असायचा. (पडद्यालाही मॉनिटरच म्हणतात, हा योगायोग मला फार आवडला.) जूनमध्ये हजेरी घेतली, चाळीस मुलं. मग जुलैत दोघांच्या बापांची बदली झाली, ऑगस्टात तिघं नवी आली. हे मास्तरला कोण सांगणार? मॉनिटर सांगतो, किंवा मास्तर रोज हजेरी घेतो. जूनची चाळीस ही संख्या पाठ करून मार्चपर्यंत शिकवणारा मास्तर मी पाहिला नाही, आणि पाहिला असता तर त्याला कोणी नोकरीत ठेवला नसता.

आता भाच्याची बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर तो पुढच्या दिवाळीला येणार नाही. त्याचं म्हणणं, 'मामा, दर वेळी उडी मारणंही बरोबर नाही.' काही मॉनिटर नुसते बंद केले किंवा झोपले तरी संगणकाला वाटतं, गेला. प्रोग्रॅमनं तेवढ्यावर सगळ्या खिडक्या लॅपटॉपवर गोळा केल्या, तर पडदा जागा झाल्यावर माणूस चिडतो, 'माझी मांडणी मोडली' म्हणून. त्यासाठीच विंडोज ११ मध्ये, कोणता पडदा जोडलेला असताना खिडकी कुठे होती हे लक्षात ठेवण्याची सोय दिली आहे. दुसरं, आकडा तपासतानाही फसगत होते. दुसरा पडदा डावीकडे ठेवला तर तिथले आकडे उणे येतात, आणि घाईचा प्रोग्रॅमर 'उणे म्हणजे चूक' असं ठरवून चांगली खिडकी उगाच हलवतो. उलट विंडोजमध्ये खाली मिटवलेल्या खिडकीची जागा उणे ३२००० अशी लागते. नेमकी तीच नोंद करून ठेवली की दुसऱ्या दिवशी खिडकी पाताळात. हे सगळं ऐकून मला त्याच्याबद्दल थोडी सहानुभूती वाटली. थोडीच.

कारण मी विचारलं, 'खिडकी दाखवण्यापूर्वी तिची वरची पट्टी आज हजर असलेल्या कुठल्यातरी पडद्यावर येते की नाही, एवढं बघायला किती काम?' तो म्हणाला, 'वीस-पंचवीस ओळी.' 'आणि चालू असताना पडदा गेल्याची दवंडी ऐकून हाच प्रश्न पुन्हा विचारायला?' 'त्यातल्याच ओळी पुन्हा वापरायच्या.' म्हणजे जुनी जागा विसरा असं कोणी म्हणत नाही. १५६६ खुशाल लिहून ठेवा. टीव्ही परत आला की खिडकी परत तिथे न्या. पण आज पाय ठेवायला जमीन आहे का ते बघून पाऊल टाका. पंचवीस ओळींच्या बदल्यात साडेसात महिने.

'मग लिहीत का नाहीत?' यावर तो जरा थांबला. म्हणाला, 'मामा, आमच्या टेबलावर दोन मोठे पडदे कायमचे जोडलेले असतात. ते कधी जातच नाहीत. आमच्यासमोर हे घडत नाही.' मला वाटतं दुखणं इथे आहे. तिन्ही प्रणालींवर चालतो, असं ज्या प्रोग्रॅमबद्दल अभिमानानं सांगतात, तो तीन प्रणालींच्या तीन स्थिर पडद्यांवर चालवून पाहिलेला असतो. घरात टीव्ही उसना असतो, वायर सैल असते, नातू येऊन पडदा उभा करून जातो. त्या घरात तो चालतो का, हे कोणी पाहिलेलं नसतं.

आणि पडदा बदलायला टीव्ही काढावाच लागतो असंही नाही. माझंच बघा. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी मी माझ्या लॅपटॉपवर अक्षरं १७५ टक्के करून घेतली. पडदा आहे १९२० बाय १०८०. पण अक्षर मोठं केलं की प्रोग्रॅमच्या लेखी पडदा लहान होतो, सुमारे १०९७ बाय ६१७. आता एखाद्यानं सातशे ठिपके उंचीची चौकट बनवली असेल, तर तिचं 'ठीक आहे' हे बटण पडद्याच्या खाली, बुबुळाच्या पलीकडे. मी तीन दिवस एका चौकटीसमोर बसून होतो. पुढे जाता येईना, मागे येता येईना. शेवटी एंटर मारला आणि देवाचं नाव घेतलं. ज्याला अक्षर मोठं लागतं त्यालाच बटण दिसत नाही, हा कुठला न्याय? ज्यांना नव्या युक्त्या सर्वात कमी ठाऊक, त्यांच्याच वाट्याला हे येतं, आणि तेच सर्वात आधी म्हणतात, 'माझंच चुकलं असेल.' तरुण माणूस खिडकी दिसली नाही तर प्रोग्रॅमला शिव्या देतो. आक्कानं रुमाल टाकला.

लिनक्सच्या नव्या मंडळींनी यावर एक वेगळाच तोडगा काढलाय, तो मला पटला. वेलँड नावाची नवी व्यवस्था आहे. तिच्यात साध्या प्रोग्रॅमला आपली खिडकी सगळ्या कागदावर नेमकी कुठे आहे हे सांगितलंच जात नाही, आणि 'मला १५६६ वर ठेवा' असं तो म्हणूही शकत नाही. बसवण्याचं काम यजमानाचं. पंगतीत आपलं पान कुठे मांडायचं हे पाहुण्यानं ठरवायचं नसतं, तसं. भाचा यावर नाराज आहे. म्हणतो, काही प्रोग्रॅमना खरंच जागा ठरवावी लागते, त्यांची पंचाईत होते. असेल. पण तिथेही आतली चौकट पडद्यापेक्षा उंच करून ठेवली तर यजमान काय करणार? पडद्याचं माप ऐकण्यातून सुटका नाहीच.

असो. भाच्यानं त्या रोजनिशीवाल्यांना सविस्तर पत्र धाडलं आहे, आक्काचे आकडे देऊन. आणि मी खोदून विचारल्यावर त्यानं हेही कबूल केलं की त्याच्या स्वतःच्या कंपनीच्या प्रोग्रॅममध्येही ही तपासणी नाही. कामांच्या यादीत घातली आहे म्हणे. कितव्या क्रमांकावर, ते सांगितलं नाही.

घरच्या मंडळींना एकच विनंती. यापुढे मिरजेला फोन कराल तेव्हा आक्काला 'जमतंय का ग आता?' असं विचारू नका. काय लिहिलंस ते विचारा. परवा माझ्याशी बोलली तेव्हा ती विहिरीच्या गाळ काढण्यापर्यंत आली होती, आणि गाळात सापडलेली कळशी थोरल्या काकूची की शेजारच्यांची यावर माझ्याशी अर्धा तास भांडली. मला वाटतं शेजारच्यांची. कोणाला नक्की आठवत असेल तर कळवा.